नाव कुठे विकत मिळते?



आज आपण नावाविषयी बोलू. वर्गात तुम्ही पहिल्यांदा पाटीवर काय लिहिलेत? स्वतःचे नाव. ते बरोबरच झाले. पण नाव म्हणजे नुसती तीन-चार अक्षरे नव्हेत. अमक्याने नाव कमावले, तमक्याने नाव घालवले, असे आपण बोलतो ना? त्या नावाविषयी आम्हाला सांगायचे आहे. आणि त्याच्या जोडीने बाजाराविषयीही. तुम्ही म्हणाल, मास्तर, नावाचा आणि बाजाराचा काय संबंध? आहे संबंध. ऐका तर खरे.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे एकाच नावाची चार-चार माणसे गावात असतात. परका पाहुणा आला आणि त्याने नाव घेतले की पूर्वी गावकरी विचारीत, "कोणता तो? भजनात पखवाज वाजवतो तो? की कणग्या विणतो तो?" माणसाची ओळख त्याच्या हातच्या कामावरून पटे. लग्नात धवळे गाणारी धवलारीण असे. तिच्या अंगावर सोन्याचा मणी नसायचा. पण ती आल्याशिवाय हळद लागत नसे. मांडवात तिला पाट मिळे, मान मिळे. एखादा म्हातारा बैलाचे दुखणे नुसत्या चालीवरून ओळखी. त्याला पाच गावांतून बोलावणे येई. नेसायला पंचा, पण नाव पाच गावांत!

आता तोच पाहुणा आला, तर गावकरी काय विचारतात? "कोणता तो? काळी गाडी घेतली तो? की घराला निळ्या काचा बसवल्या तो?" पाहा बरे, किती फरक पडला. माणूस कामावरून ओळखला जात होता, तो वस्तूवरून ओळखला जाऊ लागला. आणि वस्तूचे कसे असते? आपण आणली त्याच्या दुसऱ्या महिन्यात शेजारी तिच्याहून मोठी आणतो. मग आपले नाव पुसले जाते. ते पुन्हा लिहायचे तर आणखी मोठी वस्तू आणावी लागते. अशी ही पाटी रोज पुसायची आणि रोज लिहायची. खडूचा खर्च कुणाचा? आपला.

आम्ही वस्तूंच्या विरुद्ध बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर घरी जाऊन सांगाल की मास्तर म्हणाले, गॅस परत करा. चुलीच्या धुरात ज्या आयांचे डोळे गेले त्यांना विचारा गॅसची किंमत. पाण्याचा पंप, बॅटरी, पोरांची सायकल, मोबाईल, या कामाच्या वस्तू आहेत. आमच्याही खिशात मोबाईल आहे. वस्तू कामासाठी घेतली तर ती आपले काम करते. नावासाठी घेतली तर आपण तिचे काम करीत बसतो. एवढाच आमचा मुद्दा आहे.

दुकानदारी करणाऱ्यांना माणसाचे हे दुखणे नीट माहीत आहे. टीव्हीवरची मोटारसायकलची जाहिरात आठवा. गाडी लिटरला किती पळते, टायर किती दिवस टिकतो, हे ती किती सांगते? फार थोडे. ती दाखवते काय? पोरगा गाडीवरून आला आणि सगळे गाव वळून पाहू लागले, हे दाखवते. म्हणजे विकायला गाडी ठेवली आहे, पण गोडी लावली आहे मानाची.

त्यात पैसा आता हाताला लागतही नाही. आपल्याच मुरबाड तालुक्यातले धसई गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानांतून कार्डाची यंत्रे आली. तेव्हा लोक नवलाने पाहायला जात. आता तर भाजीच्या गाड्यावरही चौकटी-चौकटीचे चित्र टांगलेले असते. मोबाईल धरला की पैसे गेले. सोय मोठी आहे, खोटे कशाला बोला. पण शंभराची नोट कनवटीतून सोडताना जीव थोडा दुखतो. मोबाईलमधून शंभर जाताना नुसता आवाज येतो. दुखणे गेले की सावधपणाही जातो.

सगळ्यांत जास्त पैसा आपल्याकडे कशात जातो? लग्नात. त्यातही हळदीत. हळदीला मंडप, मंडपाला झालर, रस्त्यावर नवरदेवाच्या फोटोचा फलक. त्या फलकावर पुढाऱ्यांचे फोटो नवरदेवाहून मोठे! डीजेच्या भिंती लागतात. त्या आवाजात धवलारणीचा आवाज कुणाला ऐकू येणार? ती बिचारी कोपऱ्यात बसून जेवून जाते. मटण, दारू आणि बाटलीबंद पाण्याचे खोके. या पाण्याचे आम्हाला फार नवल वाटते. तानसा धरण आपल्या शहापूर तालुक्यात, १८९२ सालचे. भातसाही आपल्याच तालुक्यात. मुंबई आपले पाणी पिते. उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत बसतात. आणि आपण हळदीला दुकानातून पाणी विकत आणतो, कारण हंड्यातले पाणी पाहुण्याला दिले तर नाव जाईल म्हणे!

नाव राखण्यासाठी लग्नात कर्ज काढायचे, ही गोष्ट आजची नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याने तिचे फार कडू फळ चाखले आहे. ती हकीकत तुमच्या मुलांनाही सांगा.

डहाणू, उंबरगाव, तलासरी हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. तिथला वारली गडी लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घेई. आजच्या मानाने रक्कम थोडकी असे. पण फेडायला रोकड कुठली? मग तो त्या कर्जापोटी जमीनदाराच्या घरी राबे. लग्न करून आणलेली बायकोही राबे. हिशेबाची वही जमीनदाराकडे, आणि वाचता येत नाही याला. वर्षे जात, कर्ज तेवढेच. कुणाकुणाचा जन्म त्यात संपे. अशा माणसाला नाव पडले होते 'लग्नगडी'. ध्यानात घ्या. त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव गेले. तो कुणाचा मुलगा, काय उत्तम करतो, हे गेले. उरले काय? लग्नासाठी विकला गेलेला गडी.

सरकारने सायमिंग्टन नावाच्या साहेबाकडून या मुलखाची पाहणी करवून घेतली होती. त्यांचा अहवाल १९३९ सालचा. त्यात ही वेठ लिहून ठेवलेली आहे. पुढे जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा म्हणजे आपल्या शेजारचे, गाडीने वासिंदहून दोन स्टेशने. तिथे वारली मंडळी आली. परत गेली ती धीर घेऊन गेली. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी मोडून काढण्याचा लढा मांडला. गोदावरीबाईंनी ती सारी हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. तुमचे वाचन आणखी थोडे पक्के झाले की ते जरूर वाचा. १९७६ साली तर वेठबिगारी बंद करणारा कायदाच देशभर झाला.

मग लग्नगडी संपला काय? कायद्याने संपला. पण वीटभट्टीची उचल घेणाऱ्या कातकरी भावाला विचारा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो. तेव्हा दुखण्याला, सणाला, लग्नाला तो भट्टीवाल्याकडून उचल घेतो. दिवाळी झाली की भांडीकुंडी, पोरेबाळे घेऊन भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडाशी परत येतो. पोरांची शाळा तेवढी बुडते. त्याची ती उचल बहुतेक वेळा पोटासाठी असते. त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण ज्यांच्या घरी कणगी भरलेली आहे, त्यांनी नावासाठी कर्ज काढून हप्त्याचे गडी व्हावे, याला काय म्हणावे?

हप्ता हा शब्द निघालाच आहे, तर जरा हिशेब करू. पाट्या घ्या.

पौष पौर्णिमेला आपल्याकडे म्हसाची जत्रा भरते. गुरांचा मोठा बाजार असतो. घोंगड्या येतात. तिथे आपला शेतकरी बैल कसा घेतो? तोंड उघडून दात मोजतो. चालवून पाहतो. शेपटीला हात लावतो, खूर पाहतो. एका बैलासाठी अर्धा दिवस घालवतो. तोच शेतकरी तालुक्याला मोटारसायकल घ्यायला जातो, तेव्हा काय करतो? रंग पाहतो, आणि दाखवतील तिथे दहा-बारा सह्या ठोकून मोकळा होतो. बैलाचे दात पाहणारा माणूस कागदाचे दात पाहत नाही. आणि चावतो तो कागद!

समजा, गाडीची रोख किंमत ७५,००० रुपये. (हे आकडे आम्ही हिशेब सोपा जावा म्हणून घेतले आहेत.) तुम्ही १५,००० रुपये आधी भरलेत. राहिले ६०,०००. विक्रेता म्हणतो, "काका, फक्त २,६०० रुपयांचा हप्ता, तीस महिने." फक्त! आता गुणाकार करा. २,६०० गुणिले ३०. किती झाले? ७८,०००. घेतले ६०,०००, दिले ७८,०००. वरचे १८,००० कशाचे? व्याजाचे. तुमची रोजची मजुरी ४५० रुपये धरली, तर १८,००० म्हणजे चाळीस दिवसांची मजुरी झाली. चाळीस दिवस उन्हात उभे राहायचे, ते गाडीसाठीसुद्धा नाही. गाडीची किंमत वेगळीच. हे चाळीस दिवस नुसते आत्ता हवी होती म्हणून.

यात आणखी एक गंमत आहे. विक्रेता सांगतो, व्याज शेकडा बारा. हिशेब करून पाहा, साठ हजारांचे अडीच वर्षांचे शेकडा बाराने अठरा हजारच होतात. म्हणजे तो खोटे बोलला नाही. पण पंधरा हप्ते भरल्यावर तुमच्याकडे त्याचे निम्मेच पैसे उरले ना? तरी तो व्याज लावतो पुऱ्या साठ हजारांवर, शेवटपर्यंत. उरलेल्या रकमेवर व्याज धरले तर हेच व्याज शेकडा एकवीसच्या वर जाते. शेतातले अर्धे पाणी आटले तरी पाणीपट्टी पुऱ्या शेताची, तसे हे.

याचा अर्थ हप्त्याने कधी काही घेऊच नये असा नाही. दूध घालायला रोज दोन गावे फिरणाऱ्याला गाडी हवी. ती आपला हप्ता आपणच कमावते. पारावर उभी करायला घेतलेली गाडी मात्र धन्याला कमवायला लावते.

आता एक हकीकत. ती आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. त्याने सांगायची मोकळीक दिली आहे, पण नाव आम्ही सांगणार नाही.

नागपूरहून मुंबईकडे येणारा समृद्धी महामार्ग आपल्या शहापूर तालुक्यातून गेला, हे तुम्ही पाहिलेच आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्या रस्त्यात पुष्कळांच्या जमिनी गेल्या. काहींनी आलेल्या पैशातून दुसरीकडे जमीन घेतली. काहींनी मुलांची शिक्षणे केली, ठेवी ठेवल्या. त्यांचे चांगले चालले आहे. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर एकच बाजू होते. आमच्या या विद्यार्थ्याच्या घरचे मात्र तसे झाले नाही. घरात एवढा पैसा कुणी कधी पाहिला नव्हता. घर बांधले. मोठी काळी गाडी आणली. धाकट्याची हळद अशी केली की तालुक्यात बोलबाला झाला. गावात कुणी आजारी पडला की गाडी याची, देवदर्शनाला गाडी याची. नाव झाले, यात शंका नाही. पैसा संपायला चार वर्षेही लागली नाहीत. पुढे गाडी विकली. घराचे वरचे मजले तसेच उघड्या विटांचे राहिले.

तो आमच्याकडे आला होता. आम्हाला वाटले, पैशाचे रडगाणे गाईल. पण तो वेगळेच बोलला. म्हणाला, "गुरुजी, पैसे गेले त्याचं एवढं काही नाही. पण पूर्वी कुणी विचारलं, काय करतोस, तर म्हणायचो, शेती करतो. मधे म्हणायची पाळीच आली नाही, गाडी बघून लोक गप्प व्हायचे. आता कुणी विचारलं तर काय सांगू?"

आम्ही चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले, पण या प्रश्नाला आम्हालाही चटकन उत्तर देता आले नाही. चहा झाला, तो गेला. गेल्या हिवाळ्यात त्याने नात्यातल्या एकाचे शेत अर्धेलीने घेतले. भेंडी लावली. भेंडीचे काम मोठे किचकट. रोज पहाटे तोडावी लागते, हाताला खाज सुटते, एक दिवस चुकला की जून होते. एकदा बाजारात भेटला. हात दाखवून म्हणाला, "गुरुजी, आता विचारा, काय करतोस." एवढे बोलून हसत पुढे गेला. घडी बसली असे आम्ही म्हणत नाही. देणे अजून आहे.

माणसाचे नाव मोठ्या वस्तूनेच होते असे ज्यांना वाटते, त्यांनी गाडगेबाबांचा विचार करावा. त्यांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. १९०५ मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फुटके गाडगे. गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा, हे ते लोकांना सांगत. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः कधी एका धर्मशाळेचे धनी झाले नाहीत. १९५६ साली डिसेंबरात गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आणि ते नाव कशावरून पडले? बाजारात कुणी फुकटही नेणार नाही अशा एका फुटक्या गाडग्यावरून!

तुम्ही म्हणाल, ते संत होते, आम्ही पोटापाण्याची माणसे. बरे, मग आपल्या मुरबाड तालुक्यातले फांगणे गाव पाहा. तिथल्या आजीबाई काही संत नव्हत्या. जन्मभर भात लावला, शेण काढले, नातवंडे वाढवली. सही करायची वेळ आली की अंगठा. गावात पोथीचे पारायण व्हायचे, ते बसून ऐकायच्या. आपल्यालाही वाचता आले असते तर, असे त्यांच्या मनात येई. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर गुरुजी यांच्या कानावर ही गोष्ट गेली. एका विश्वस्त संस्थेने पाट्या, दप्तरे आणि नेसायला गुलाबी नऊवारी दिली. ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या! दुपारी घरची कामे उरकून आजीबाई दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. कुणाला दिसत कमी, कुणाला ऐकू कमी. अक्षर गिरवताना हात थरथरे. नातू घरी अभ्यास घेई आणि चुकले तर आजीलाच दटावी.

या शाळेची बातमी देशभर गेली, परदेशातही गेली. पण आम्हाला त्या बातमीचे एवढे महत्त्व वाटत नाही. महत्त्व वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. बँकेत जिचा अंगठा शाईत बुडवून कुणी दुसराच कागदावर टेकवायचा, ती बाई आता स्वतः पेन धरून स्वतःचे नाव लिहिते. तिला जन्मभर अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणून गाव ओळखी. सत्तराव्या वर्षी तिने आपले नाव पहिल्यांदा आपल्या हाताने लिहिलेले पाहिले. याला खर्च किती आला? एक पाटी आणि एक पेन्सिल. आणि पुष्कळ दुपारी. अशी वस्तू हप्त्यानेही मिळत नाही. शेजारणीनेही लिहिले म्हणून आपले पुसले जात नाही, उलट दोघी मिळून वाचीत बसतात.

तुमचेही तसेच आहे. आणि तुम्ही आता सही करता, म्हणून तर आमच्या मनाला एक घोर आहे. अंगठेबहाद्दराला लोक फसवीत, तेव्हा निदान "मला वाचता येत नव्हते" असे म्हणता येई. सही करणाऱ्याला ते म्हणता येत नाही. सही खाली असते, पण वाचायचे असते ते वर.

म्हणून एक नियम पाठ करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या हुकमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून, बँकेने किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीने नवे घरगुती कर्ज देताना तुम्हाला एक तक्ता द्यावाच लागतो. कर्ज किती, हप्ता किती, किती हप्ते, वरचे खर्च कोणते, आणि सगळे धरून वर्षाचे व्याज शेकडा किती, हे त्यात लिहिलेले असते. तो तुम्हाला समजेल अशा भाषेत असला पाहिजे आणि समजावूनही सांगितला पाहिजे. त्या तक्त्यात जो खर्च लिहिलेला नाही, तो तुमच्या संमतीवाचून घेता येत नाही. दुकानात गेलात की खुर्चीवर बसा, पाणी मागा आणि म्हणा, "तो तक्ता द्या. मराठीत द्या. आम्ही वाचून सही करू." समोरचा घड्याळ पाहील. पाहू द्या. म्हसाच्या जत्रेत बैलवाला अर्धा दिवस थांबतो, हाही थांबेल. नाहीच थांबला तर कागद घरी घेऊन या.

येत्या गुरुवारी भजनानंतर शाळेत आपण असेच कागद वाचायला बसणार आहोत. ज्यांच्या घरी हप्त्याचा, गटाच्या कर्जाचा किंवा विम्याचा कागद असेल त्यांनी तो आणावा. लाजू नये, आकडे कुणाचे कुणाला सांगितले जाणार नाहीत. कागद नसेल त्यांनी विजेचे बिल आणले तरी चालेल. ज्यांना चष्मा आहे त्यांनी चष्मा विसरू नये. बारीक अक्षर वाचायचे आहे.